न मोजलेल्या रानातले अतिक्रमणदार

शिमग्याच्या आगेमागे कोकणात दोन गोष्टी दरवर्षी घडतात. डोंगरांना वणवे लागतात आणि ‘वनजमिनीवर अतिक्रमण’ या मथळ्याच्या बातम्या झळकू लागतात. पडद्यावर ड्रोनने टिपलेला उघडा उतार दिसतो, काळवंडलेले बुंधे दिसतात, मग हातात कोयता असलेला आणि कॅमेऱ्याकडे पाहण्याचे टाळणारा एक माणूस दिसतो, आणि निवेदकाचा आवाज त्याला जंगलाचा शत्रू ठरवून मोकळा होतो. दोन मिनिटांच्या त्या बातमीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: ही जमीन वन कधी झाली, आणि ती वन झाल्याचे या माणसाला कुणी, कोणत्या कागदाने कळवले?

हा प्रश्न मला एका वाडीत सुचला. संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावाशेजारी एका शेतकऱ्याच्या उताराच्या वरकस जमिनीत काही वर्षांपूर्वी असेच चित्रीकरण झाले. त्याचा आजा खोताचे कूळ होता. बापाने त्या उतारावर नाचणी-वरी केली आणि पुढे सरकारी फळबाग योजनेतून काजूची कलमे लावली. त्या वर्षी बागेत वाढलेले रान त्याने तोडले, आणि कुणीतरी तक्रार केल्यावर कॅमेरा आला. त्याने घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद आणले होते: जुना सातबारा, योजनेचा मंजुरीचा कागद, काही पावत्या. ते कागद कुणी उघडूनही पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावाचे नाव बातमीत होते, आणि त्या माणसाला बाजारात दोन महिने मान खाली घालून चालावे लागले. पुढे मोजणी झाली का, निष्पन्न काय झाले, हे विचारायला परत कुणी आले नाही.

कोकणातल्या वनजमिनींच्या हद्दी आणि हक्क जाणूनबुजून अनिश्चित ठेवले गेले आहेत असे मला वाटते, कारण ही अनिश्चितता ज्यांच्या हातात सत्ता आहे त्या सर्वांच्या सोयीची आहे. पुढाऱ्याला तीतून निवडणुकीचे आश्वासन मिळते, कार्यालयाला निर्णय पुढे ढकलता येतो, वाहिनीला तयार खलनायक मिळतो, आणि मोठ्या प्रकल्पाला शेतकऱ्याच्या आडून वाट मिळते. शेतकरी आणि जंगल या दोघांच्या वाट्याला मात्र नुकसानच येते. हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत असे जे चित्र रंगवले जाते, ते या अनिश्चिततेवर पांघरूण घालण्यासाठी.

कोकणातली जमीन विदर्भासारखी नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. गडचिरोलीत ब्रिटिश काळापासून आखलेली विस्तीर्ण राखीव वने आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी राखीव वन तुलनेने फार थोडे आहे, आणि डोंगरावरचे बहुतेक हिरवे रान खासगी मालकीचे, वरकस किंवा सामाईक आहे. वरकस म्हणजे भातशेतीच्या वरची उताराची जमीन. तीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक असे एकापाठोपाठ घेऊन शेतकरी ती काही वर्षे पडीक ठेवत असे. त्या काळात तिथे किंजळ, ऐन, कुडा वाढत. त्याच झाडांचे टाळ तोडून तो भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजत असे आणि पुन्हा पाळी आली की जमीन मोकळी करत असे. म्हणजे एकच तुकडा दहा वर्षांत कधी शेत आणि कधी रान दिसायचा. ज्या वर्षी पाहणी करणारा अधिकारी आला त्या वर्षी तिथे रान उभे असेल, तर कागदावर ते जंगल झाले. पाच वर्षे आधी किंवा नंतर आला असता, तर तेच शेत लिहिले गेले असते. ज्या पद्धतीत शेत आणि रान आलटून पालटून नांदत होते, ती पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांनी तिच्यावर एक ठाम रेघ मारली. आजच्या वादाचा उगम त्या रेघेत आहे.

त्या रेघेवर पुढे कायद्यांचे थर चढत गेले. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने खोतांचे हक्क संपवले, पण वरकस जमिनीत कुळाचा हक्क किती, याचा निवाडा अनेक गावांत अपुरा राहिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील कलम ३५ अन्वये खासगी रानांतली तोड रोखण्यासाठी त्यांच्या मालकांना नोटिसा काढल्या जात होत्या. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी खासगी वने एका दिवसात सरकारच्या मालकीची झाली. छोट्या धारकांवर अन्याय झाल्याचे लक्षात आल्यावर तीन वर्षांनी त्याच कायद्यात कलम २२-अ घालण्यात आले आणि बारा हेक्टरांच्या आतल्या धारकांना जमीन परत देण्याची तरतूद झाली. पण तरतूद असणे आणि खेड किंवा लांजा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर तिची नोंद होणे, यांत कित्येक वर्षांचे हेलपाटे आहेत.

या कायद्याचा पुढचा इतिहास बोलका आहे. मुंबई आणि ठाणे परिसरात ज्या जमिनींवर वसाहती आणि उद्योग उभे राहिले होते, त्याही १९५० च्या दशकातल्या नोटिसांच्या आधारे वन असल्याचे सरकार म्हणू लागले. मोठे धारक आणि विकासक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की केवळ नोटीस काढलेली असणे पुरेसे नाही, ती धारकाला बजावलेली असली पाहिजे आणि तिच्यावर पुढची कार्यवाही झालेली असली पाहिजे. निकाल न्याय्य आहे, आणि त्याचे तत्त्व कोकणातल्या कितीतरी छोट्या शेतकऱ्यांना जसेच्या तसे लागू पडते. त्यांच्याही आजोबांना नोटीस बजावल्याचा पुरावा सापडत नाही. परंतु ज्याच्याकडे दिल्लीत वकील उभा करण्याची ऐपत होती त्याचे ‘वन’ मोकळे झाले, आणि ज्याच्याकडे ती नव्हती तो अजून अतिक्रमणदार आहे. हा विरोधाभास मी कोणत्याही वाहिनीवरच्या चर्चेत ऐकलेला नाही.

१९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की वन या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ ज्याला लागू पडतो ते, मालकी कुणाचीही असो, वन समजावे. देशभर बेसुमार चाललेली तोड थांबवण्यासाठी त्या आदेशाची गरज होती आणि त्याने पुष्कळ जंगल वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण सिंधुदुर्गात त्यातून ‘वनसंज्ञा’, म्हणजे या व्याख्येने वन ठरवलेली जमीन, हा शब्द घरोघरी पोचला. ज्या क्षेत्रांची यादी तेव्हा घाईने तयार झाली, तीत खरोखरचे घनदाट रान होते तशीच काजूची, आंब्याची, कित्येक ठिकाणी वस्तीचीही जमीन होती. आणि याच्या जेमतेम सहा वर्षे आधी, १९९० मध्ये, राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणून छोट्या शेतकऱ्यांना शंभर टक्के अनुदान दिले होते आणि वरकस उतारांवर हापूस आणि काजू लावा म्हणून प्रोत्साहन दिले होते. एका खात्याने ज्या उतारावर कलम लावायला पैसे दिले, त्याच उताराला दुसऱ्या खात्याने वन म्हटले. शेतकऱ्याने यांपैकी कोणते सरकार खरे मानायचे?

रायगडमध्ये हाच प्रश्न ‘दळी’ या नावाने आहे. रोहा, सुधागड, कर्जत या भागांतल्या ठाकूर, कातकरी आणि धनगर समाजांना ब्रिटिश राजवटीत वनहद्दीतले उताराचे पट्टे कसायला दिले गेले. त्याची नोंद दळीच्या पुस्तकात असे. स्वातंत्र्यानंतर ती नोंद महसुली दप्तरात नीट उतरली नाही, आणि ज्यांना सरकारनेच जमीन दिली होती त्यांची नातवंडे सरकारच्या लेखी घुसखोर झाली. श्रमिक क्रांती संघटना, सर्वहारा जन आंदोलन अशा संघटनांनी कित्येक वर्षे खेटे घातले तेव्हा दळीचे दावे वनहक्क कायद्याखाली विचारात येऊ लागले. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न याच जातीचा आहे. संस्थानकाळात गावाने कबुलायत, म्हणजे लेखी करार, देऊन सामाईक धरलेल्या जमिनीवर पुढे ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद आली, काही ठिकाणी वनाची नोंद चढली, आणि तिथपासून आजवर असा एकही निवडणूक प्रचार झाला नसेल ज्यात तो प्रश्न सोडवण्याचे वचन दिले गेले नाही.

मी ज्याला राजकीय ढोंग म्हणतो ते इथे सुरू होते. वनजमिनीवर कसणाऱ्याला नियमित करण्याच्या तारखा आपल्याकडे सतत सरकत आल्या. केंद्र सरकारने १९९० मध्ये परिपत्रके काढून १९८० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची प्रक्रिया सांगितली. ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली, आणि मग मे २००२ मध्ये केंद्राच्याच पर्यावरण मंत्रालयाने सगळी अपात्र अतिक्रमणे काही महिन्यांत हटवण्याचे फर्मान काढले. त्या कारवाईच्या संतापातून २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासींना चार हेक्टरांपर्यंत हक्क दिला, आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवता येणार नाही असे कलम ४(५) मध्ये स्पष्ट लिहिले. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा देशातली दहा लाखांहून अधिक कुटुंबे एका फटक्यात धोक्यात आली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. पंधरा दिवसांत सरकार स्थगिती मागायला धावले आणि ती मिळाली. दावे का फेटाळले गेले, ग्रामसभेचे ठराव उपविभागीय समितीने कोणत्या कारणाने डावलले, कारण अर्जदाराला लेखी कळवले का, ही पाहणी आधीच्या दहा वर्षांत झाली असती, तर त्या धावपळीची वेळ आली नसती.

कोकणात या कायद्यातली एक अट विशेष जाचक ठरते, आणि तिच्याबद्दल आमचे लोकप्रतिनिधी बोलत नाहीत. अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वननिवासींनी तीन पिढ्यांचे, म्हणजे डिसेंबर २००५ पूर्वीच्या ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे असते. सह्याद्रीच्या कड्याखाली राहणारा गवळी धनगर आणि वरकस कसणारा कुणबी या अटीत येतो. वाडा बांधून, गुरे घेऊन डोंगरावरून डोंगरावर फिरणाऱ्या धनगराकडे १९३० सालचा कागद कुठून असणार? कायद्याच्या नियमांत गावातल्या वृद्ध माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने विशिष्ट एकाच पुराव्याचा आग्रह धरू नये असेही सांगितले आहे. तरीही अर्ज मागे येतात ते कागद अपुरे म्हणूनच. विधानसभेत धनगर समाजाच्या नावाने आवाज चढवणाऱ्यांपैकी एखाद्याने आपल्या मतदारसंघातल्या एका वाड्याचे दावे बसून पुरे करून घेतले असते, तर त्याने पन्नास भाषणांपेक्षा अधिक काम केले असते.

यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे शेतकऱ्याचे नाव पुढे करून जंगलाचे संरक्षण रोखणे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समिती २०१० मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला, पण केंद्र सरकारने तो दडवून ठेवला आणि माहिती अधिकारातून झगडावे लागल्यावर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. निर्णय ग्रामसभांच्या चर्चेतून व्हावेत हा त्याचा गाभा होता. सिंधुदुर्गातल्या सुमारे पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते, याचा उल्लेख गाडगीळ यांनी वारंवार केला. ही शेतकऱ्यांचीच गावे होती. तरीही कोकणात प्रचार कोणता झाला? तुमची घरे बांधता येणार नाहीत, तुमची गुरे चारता येणार नाहीत, काजूचे झाड तोडता येणार नाही. अहवाल न वाचलेल्या माणसाला घाबरवून त्याच्या सहीने विरोधाची निवेदने तयार झाली. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र कमी केले, मार्च २०१४ मध्ये मसुदा अधिसूचना आली, आणि तिचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी, प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या वाट्याचे १७,३४० चौरस किलोमीटर त्या मसुद्यात होते, आणि या साऱ्या वर्षांत राज्य सरकारची मागणी गावे वगळण्याची राहिली. ज्या पट्ट्यात लोह आणि बॉक्साइटचे साठे आहेत तिथे ही मागणी विशेष आग्रहाने होते, ही बाब योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथील खाणीचा बांध फुटून मातीचा लोंढा खालच्या शेतांत आणि घरांत शिरला, तेव्हा नुकसान सोसणारे शेतकरी होते. त्यांच्याच नावाने संवेदनशील क्षेत्राला विरोध केला गेला होता.

खाडीकाठी गेले तर हीच गोष्ट पाण्याच्या पातळीवर दिसते. अलिबाग आणि पेणच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या (बांधातली पाणी सोडण्याची दारे) सांभाळून, खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती होती. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे आणि मोठ्या बांधांच्या देखभालीची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आहे. बांधाला खांड गेली आणि ती वेळेत बुजवली नाही की भरतीचे पाणी शेतात फिरते, पहिल्या दोन वर्षांत भात जाते आणि सात-आठ वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी कडक संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. मासळीची पैदास आणि वादळापासून किनाऱ्याचा बचाव या दोन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून आहेत. पण सातबारा आपल्या नावावर असलेल्या शेतात बांध पुन्हा घालायला जाणारा शेतकरी कांदळवन तोडणारा गुन्हेगार ठरतो, आणि बांध न दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला त्याच्या नुकसानीबद्दल कुणी जबाब विचारत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी मुंबई, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार कांदळझाडे तोडायला परवानगी दिली. ती रीतसर प्रक्रियेने आणि भरपाई लागवडीच्या अटीवर दिली गेली, हे खरे आहे. माझा मुद्दा एवढाच की सार्वजनिक हिताचा दाखला देऊन हजारो झाडांसाठी प्रक्रिया उभी करता येते, तर वीस गुंठ्यांच्या खारशेतीचा प्रश्न ऐकून घेणारी प्रक्रिया उभी करणे अशक्य नाही. तशी इच्छा कुणाला झालेली नाही.

आता खऱ्या अतिक्रमणाबद्दल. शेतकरी म्हणून जो उभा राहतो तो प्रत्येक जण निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे जंगलाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या डोंगरात गेल्या पंचवीस वर्षांत शेकडो एकर मिश्र रान मुळासकट साफ करून तिथे रबर आणि अननस लावले गेले. यांतले बरेचसे खरेदीदार जिल्ह्याबाहेरचे आणि राज्याबाहेरचे आहेत, आणि जमीन विकणारे आमचेच लोक आहेत. हा पट्टा वाघाच्या आणि हत्तीच्या येण्याजाण्याचा आहे. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने या दोन तालुक्यांच्या पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, तरी करवती थांबल्या नाहीत, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याची मुदत केंद्र सरकारला घालून द्यावी लागली. एका रात्रीत पोकलेनने डोंगर उघडा होतो तेव्हा यंत्र कुणाचे, डिझेलचे पैसे कुणाचे, लाकडाचा ट्रक कोणत्या नाक्यावरून गेला, हे गावातल्या पोरालाही माहीत असते. या तोडीला ‘शेतकऱ्यांचे अतिक्रमण’ म्हणणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला शेतकऱ्याचा सदरा चढवणे होय. वणव्यांचेही तसेच आहे. काही वणवे आमच्याच लोकांच्या निष्काळजीपणाने लागतात, काही मुद्दाम लावले जातात, आणि दरवर्षी त्यांत काजूच्या बागाच मोठ्या संख्येने जळतात. गवत चांगले फुटते म्हणून डोंगर पेटवण्याची सवय आम्ही सोडली पाहिजे, हे सांगायला मला कोणताही संकोच नाही.

माध्यमांवर माझा रोष आहे तो येथे. पोकलेनचा मालक आणि कोयतेवाला यांतला भेद दाखवणे हे बातमीदाराचे काम होते. त्यासाठी तलाठ्याकडे जाऊन फेरफार पाहावा लागतो, वनखात्याच्या नकाशावर सर्व्हे नंबर शोधावा लागतो, दावा प्रलंबित आहे का हे वनहक्क समितीला विचारावे लागते. यासाठी तालुक्याच्या गावी राहणारा, लोकांना ओळखणारा पत्रकार लागतो. अशा पत्रकारांना आज बातमीमागे किती पैसे मिळतात, आणि जाहिराती आणून देण्याचे ओझे त्यांच्यावर किती असते, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून सगळा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही. दोष ठरवणाऱ्यांचा आहे: काय दाखवायचे आणि किती मिनिटे दाखवायचे हे जे मोठ्या शहरातून ठरवतात, त्यांचा. त्यांना दृश्य हवे असते आणि दप्तर दृश्य होत नाही. परिणामी वनरक्षक आणि शेतकरी यांची झटापट दिसते, पण त्या वनरक्षकाच्या बीटाची हद्द कित्येक ठिकाणी दगडमातीच्या जुन्या खुणांवर उभी आहे आणि त्या खुणा त्यालाही सापडत नाहीत, हे दिसत नाही. तोही या गोंधळात सापडलेला पगारी माणूस आहे. वरून आदेश आला तर कारवाई करायची, आणि गावात मार खायचा तोही त्यानेच.

दृश्याच्या हव्यासाची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून शोध थांबवण्यात आला. तेव्हा आठवडाभर सगळे कॅमेरे त्या चिखलवाटेवर होते. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांना खाली सुरक्षित जागा मिळण्यात वनजमिनीचे नियम कुठे आडवे येतात, पुनर्वसनाच्या जागेचा निर्णय किती टेबलांवर थांबतो, हा प्रश्न त्या आठवड्यानंतर पडद्यावरून उतरला. जो माणूस उन्हाळ्यात अतिक्रमणदार म्हणून दाखवला जातो आणि पावसाळ्यात बळी म्हणून दाखवला जातो, तो बहुतेक वेळा एकाच डोंगरावरचा, एकाच समाजाचा असतो. त्या दोन बातम्या कुणी एकमेकींशेजारी ठेवून पाहत नाही.

आणि ज्यांना जंगलाचे भक्षक म्हटले जाते त्यांनीच देवरहाट्या राखल्या, हेही नोंदवले पाहिजे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात असे गाव विरळा, जिथे ग्रामदेवतेच्या देवळामागे जुन्या झाडांचे, वेलींचे, बारमाही झऱ्याचे रान नाही. त्या रानातले वाळके लाकूडही घरी न्यायचे नाही, हा नियम कोणत्याही वनरक्षकाविना पाळला गेला, कारण तो गावाने स्वतः केलेला होता आणि मोडणाऱ्याला गाव ओळखत होते. आज पुष्कळ देवरहाट्यांवर सरकारची मालकी नोंदलेली आहे, आणि जिथे गावाचा अधिकार गेल्याची भावना झाली तिथे राखणही सैल पडली. वनहक्क कायद्यातला सामूहिक वनहक्क हा नेमका हाच अधिकार कायद्याने परत देतो. गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखवला. कोकणात सामूहिक दाव्यांकडे पुढाऱ्यांचे लक्षच नाही, कारण वैयक्तिक पट्टा वाटताना फोटो निघतो, आणि सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा उद्या खाणीला किंवा प्रकल्पाला नकार देऊ शकते.

करण्याजोगे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते होत नाही. महसूल, भूमी अभिलेख आणि वन या तिन्ही खात्यांनी एका वेळी, ग्रामसभेच्या समक्ष, गावनिहाय संयुक्त मोजणी करायची. १९७५ च्या नोंदींमागच्या नोटिसा कुणाला बजावल्या होत्या हे तपासायचे, आणि जिथे पुरावा नाही तिथे २०१४ च्या निकालाचे तत्त्व शेतकऱ्याला स्वतःहून लागू करायचे, त्याने न्यायालयात यायची वाट न पाहता. ‘वनसंज्ञे’च्या याद्यांतले खरे रान आणि लावलेली बाग वेगळी करायची. जे खरोखर जंगल आहे ते मग निःसंदिग्धपणे जंगल राहील, आणि तिथे पोकलेन घालणाऱ्याला ‘हद्दीचा वाद आहे’ अशी पळवाट राहणार नाही. हद्द स्पष्ट झाली की शेतकऱ्याइतकाच लाभ जंगलाचाही होणार आहे, ही गोष्ट पर्यावरणवादी मित्रांनी मनावर घ्यावी, कारण आजचा धूसरपणा सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो लाकूड व्यापाऱ्याला आणि जमीन दलालाला. अशा मोजणीसाठी माणसे लागतील, पैसे लागतील आणि निदान पाच वर्षे लागतील. एका निवडणुकीत तिचे फळ दिसणार नाही.

या कामाला वेळ मात्र फार उरलेला नाही. वृद्धांचा जबाब हा कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे, असे वर लिहिले. आमच्या बाजूला कड्याखालच्या धनगरवाड्यावर अशी तीन माणसे होती, ज्यांना आपल्या आजाचा वाडा कोणत्या सपाटीवर होता, पाणी कोणत्या झऱ्याचे होते आणि नाचणीचा उतार कोणत्या ओहोळापर्यंत होता हे बोट दाखवून सांगता येत असे. वनहक्क समितीची बैठक दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली, कारण एकदा निवडणुकीची आचारसंहिता होती आणि एकदा ग्रामसेवकाची बदली झाली होती. त्या तिघांपैकी दोघे आता नाहीत. तिसरी म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येते, आणि तिचा जबाब अजून कुणी लिहून घेतलेला नाही.